कोरड्या नळातले ठोके

पारसमल शेठच्या मागच्या अंगणातल्या नळाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं. त्यांचं घर जैन, पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. पाणी सुटलं की फडकं फुगायचं. पाणी गेलं की नळाला चिकटून वाळायचं.

त्या वैशाखात एका भरदुपारी, पाण्याची पाळी नसताना, ते वाळलेलं फडकं हललं. वारा नव्हता. शेठच्या पत्नी तारादेवी अंगणात पापड उलटत होत्या. नळातून आवाज आला. ठक, ठक. मग थोडं थांबून, ठक. प्रत्येक ठोक्याला फडकं थरथरत होतं. तारादेवींनी पापड तसेच टाकले, घरात गेल्या आणि दाराला आतून कडी लावली.

गोष्ट तारादेवींची नाही, अभिमनची आहे. पण गावाला ती त्या फडक्यापासून कळली, म्हणून तिथून सुरुवात केली.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याच्या अलीकडे. गावाच्या पाण्यावर आम्ही दोन माणसं होतो. मी खोदणारा. लाइन फुटली की चर खणायची, पाइप उघडा करायचा, जोड बसवायचा, पुन्हा माती लोटायची. अभिमन वॉल उघडणारा. छातीपर्यंत येणारी, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गल्लोगल्ली फिरायचा. रस्त्यात जिथे जिथे चेंबर आहे, तिथलं झाकण काढून चावी खाली घालायची आणि त्या भागाचं पाणी सोडायचं किंवा बंद करायचं.

काम सोपं दिसतं. नाही. वॉल घाईने बंद केला तर आतलं पाणी उलटं फिरतं, पाइपाला लाथ मारतं आणि कुठेतरी जोड उखडतो. उखडलेला जोड मला खोदावा लागायचा. आमच्याकडे वरची वीतभर माती मऊ, खाली मुरूम. टिकाव मारला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. अभिमनच्या हातामुळे मला फार कमी खोदावं लागलं. त्याची चावी नेहमी हळू फिरायची, मागे बायका हंडे घेऊन कितीही ओरडत असल्या तरी. माणसाची पारख मी अशाच गोष्टीवर करतो.

त्याच्या दोन सवयी सांगायला हव्यात. चेंबरमध्ये ओल असते म्हणून उन्हाळ्यात तिथे साप-विंचू येऊन बसतात. झाकण काढण्याआधी तो चावीने त्यावर ठोकायचा. दोन ठोके, थांबून एक. आत कोणी असलं तर त्याला निघून जायला वेळ द्यायचा. आणि झाकण काढल्यावर चावीचं टोक पाइपावर टेकवून मुठीला कान लावायचा. पाणी कुठपर्यंत आलं ते लोखंडातून ऐकू येतं. आमची लाइन जुनी, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. घराघरात गेलेले पाइपही लोखंडी. बिडात आवाज लांब जातो.

अभिमनला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. दीपमाला. घरात माला म्हणत. दिसायला छान, अंगाने चांगली, पण नावाने हाक मारली तर वळायची नाही. बहिरी असेल असं आधी वाटलं. पण शेजारच्या गल्लीत ताट पडलं तरी ही दोन्ही कान दाबून कोपऱ्यात जायची. म्हणजे ऐकू येत होतं. आमचं ऐकू येत नव्हतं.

प्रमिलाबाई, अभिमनची बायको, तिला घेऊन धुळ्याला डॉक्टरकडे गेली. एसटीचा हॉर्न पोरीला सहन झाला नाही. अर्ध्या वाटेत उतरून मायलेकी पुढचा रस्ता चालत गेल्या. डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ पोरीकडे पाहिलं आणि सांगितलं, हा औषधाने जाणारा आजार नाही. याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. हिचं डोकं वेगळ्या रीतीने चालतं. हाका मारून दमू नका. तिचं लक्ष कुठे आहे ते बघा, आणि तुम्ही तिकडे जा.

परत आल्यावर प्रमिलाबाई माझ्या बायकोला म्हणाली, "स्वतःत मग्न आहे म्हणे. मला तसं दिसत नाही, अक्का. मला ती दुसरीकडेच कुठेतरी कान देऊन बसलेली दिसते."

ते मला आवडलं नाही. कारण मलाही तसंच दिसायचं. पोर भिंतीला कान लावायची. जमिनीला लावायची. अंगणातल्या नळाच्या पाइपाला गाल टेकवून दुपारभर बसायची आणि घशातून एकच सूर काढत राहायची. मध्येच थांबायची. कोणीतरी बोलल्यावर आपण जसं थांबतो, तसं.

मी जन्मभर खड्डे खोदले. मला कष्टाचं मोजमाप कळतं. प्रमिलाबाईचं काम माझ्यापेक्षा जड होतं. पोरीचे केस धुवायचे तर आधी कंगवा ओला करायचा, तो तिला दाखवायचा, मग तिचा हात भिजवायचा, मग मान, मग केस. यातलं एक चुकलं की पोर किंचाळायची आणि सगळं पहिल्यापासून. भाकरी कोरडी लागायची आणि तुकडे सारखे. एक तुकडा मोठा झाला तर ताट सरकवून द्यायची. खड्डा निदान कधीतरी पुरा होतो.

अभिमनची मोठी बहीण भिकुबाई धरणगावला दिलेली. ती आली की तिचं एकच असायचं. "अभिमन, मन्ह ऐक. हाई पोरले बाहेरनं शे. बठ्ठा गाव बोली ऱ्हायना." तिच्या मते पोरीला बाहेरची बाधा होती, सगळं गाव तेच बोलत होतं आणि सातपुड्याच्या पायथ्याला एक भगत ती काढून द्यायचा.

"गावले काम नही शे, अक्का," अभिमन म्हणायचा.

"आणि तुले शे?"

"माले पाणी सोडानं शे." आणि चावी उचलून चालू पडायचा.

अभिमन मला एकदाच बोलला. चेंबरच्या कडेला बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, "भाऊ, तिने मला बाबा म्हणावं असं काही नाही. पण मी हाक मारली आणि तिने ओ दिली, एवढं एकदा व्हावं. ओ नाही तर नुसती मान वळवावी. मग मी मेलो तरी चालेल." तो असं बोलणारा माणूस नव्हता.

तर मग ते ठोके. पारसमल शेठच्या नळापासून सुरू झाले आणि आठवडाभरात गल्लीगल्लीतून तक्रारी यायला लागल्या. दूध डेअरीतला नळ. मारुतीच्या देवळामागचा. नेहमी दुपारी, ऊन पांढरं पडलेलं असताना, रस्त्यावर कुत्रंही नसताना. पाण्याची पाळी नसलेल्या दिवशी. दोन, थांबून एक. नळ उघडला तर आतून गरम हवा यायची आणि गंजाचा वास.

लोकांना जुनी टाकी आठवली. गावाबाहेर टेकाडावर ती टाकी आहे. नवीन टाकी झाल्यापासून वापरात नाही. बांधताना एक मजूर आत राहिला, वरून स्लॅब पडला, असं जुने लोक सांगायचे. त्याचं नाव विचारलं तर कोणाला माहीत नसायचं. आता सगळ्यांना तो आठवला. टाकीतला माणूस बाहेर येण्याची वाट शोधतोय. लाइन टाकीपासूनच तर निघते.

कडुनिंबाच्या चौकातल्या चेंबरवर लिंबं दिसायला लागली. कुंकू, नारळ, कधी दहीभाताचा गोळा. अभिमन ते सगळं हाताने बाजूला सारून झाकण उघडायचा. मी म्हटलं, "हात लावायला काही वाटत नाही का तुला?"

"दहीभाताने मुंग्या येतात," तो म्हणाला.

पण एक दिवस मी त्याच्याबरोबर होतो. त्याच चेंबरपाशी, दुपारी. खाली जोड पाझरत होता का ते बघायचं होतं. पाणी नव्हतं, लाइन रिकामी. अभिमनने नेहमीसारखं झाकणावर ठोकलं. झाकण काढलं. खाली उतरून पाइपावर चावीने पुन्हा तसंच ठोकलं. दोन, थांबून एक. मग मुठीला कान लावला.

त्याचा चेहरा बदलला. त्याने मला हाताने खाली बोलावलं. मी कान लावला.

आधी काही नाही. रिकाम्या लाइनीत एक पोकळ घुमारा असतो तेवढाच. मग लांबून, खूप लांबून, पण स्वच्छ: ठक, ठक. आणि थांबून, ठक.

मी म्हटलं, "तुझाच आवाज फिरून आला."

"फिरून यायला एवढा वेळ लागत नाही," तो म्हणाला. पुन्हा ठोकलं. पुन्हा वाट पाहिली. पुन्हा तेच आलं. मग त्याने मुद्दाम एकच ठोका मारला. बराच वेळ काही नाही. आणि मग एकच ठोका.

आम्ही दोघं वर आलो. वरती पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि माझ्या दंडावर काटा. अभिमन म्हणाला, "मी विंचवाला सांगत होतो बाहेर जा म्हणून. इतकी वर्षं. हे कोण आहे ज्याला वाटलं मी त्याच्याशी बोलतोय?"

त्या दिवसापासून त्याने ठोकणं बंद केलं. झाकण नुसतं पहारीने उचलायचा. दुपारचे नळ गप्प झाले. गावाने नारळाला गुण आला असं मानलं.

आणि त्याच दिवसांत माला बिघडली. खाईना. रात्रंदिवस मनगट चावायची, कपाळ भिंतीवर आपटायची. प्रमिलाबाईने भिंतीला गोधड्या बांधल्या. पोर त्या सोडवून पुन्हा भिंतीला कान लावायची, ऐकायची, आणि मग आपटायची. भिकुबाई येऊन राहिली. भगताकडे न्यायची गाडी तिने ठरवून टाकली. आता प्रमिलाबाईही अडवत नव्हती. थकलेलं माणूस कशालाही हो म्हणतं.

गाडी येणार त्याच्या आदल्या दुपारी अभिमन माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, चल. हे गावात कुठून येतं ते मला बघायचंय. तो माझ्याच ठोक्याला उत्तर देतो. मग माझ्या पोरीचं जे झालंय ते त्याच्यामुळेच झालं असेल. मी त्याला तोंडावर विचारतो."

आम्ही कडुनिंबापासून सुरुवात केली. त्याने ठोकलं. लगेच उत्तर आलं. आधीपेक्षा घाईघाईने, पुन्हा पुन्हा, जणू कोणी वाटच पाहत होतं. टाकीच्या बाजूचं चेंबर उघडलं. तिथे आवाज मंद. बाजारपेठेच्या बाजूला गेलो. तिथेही मंद. मग तिसरी वाट राहिली, खालच्या गल्लीची. त्या वाटेवर प्रत्येक चेंबरला आवाज मोठा होत गेला. ती गल्ली त्याच्या घराची होती.

शेवटचं चेंबर त्याच्या ओट्यासमोर. तिथे चावीला कान लावायची गरज पडली नाही. जमिनीतून पायाला कळत होतं.

त्याने दार ढकललं. भिकुबाई आणि प्रमिलाबाई आत निजल्या होत्या. अंगणात माला नळापाशी बसली होती. गाल पाइपाला लावलेला. हातात चुलीवरची सांडशी. तिने पाइपावर मारलं. दोन, थांबून एक. मग डोळे मिटून ऐकत राहिली.

अभिमन तिच्या शेजारी उभा राहिला. हळूच म्हणाला, "माला." ती वळली नाही. तिला तो दिसतच नव्हता. मग त्याने मला खूण केली, तू इथेच थांब, आणि चावी घेऊन बाहेर गेला.

मी तिथे उभा राहून जे पाहिलं ते सांगतो. बराच वेळ गेला. तेवढ्यात तो कडुनिंबापर्यंत पोचला असणार. पाइपातून ठोके आले. अगदी बारीक, पण आले. आणि पोरीचा चेहरा उघडला. दुसरा शब्द मला सुचत नाही. दारं-खिडक्या लावलेलं घर उघडावं तसा. तिने सांडशी उचलली आणि उत्तर दिलं.

बाप परत आला तेव्हा घामाने निथळत होता. त्याने मला विचारलं, "दिलं?"

"तुला ऐकू नाही आलं?"

"आलं. पण तू सांग."

"दिलं," मी म्हटलं.

तो ओट्यावर बसला. म्हणाला, "किती वर्षं ओ देत होती रे ही. सांडशी हातात आली तेव्हा कुठे ऐकू आली." प्रमिलाबाईला पोरीची ठोकठोक रोजचीच होती, ती गावभर जाते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. भगताची गाडी दुसऱ्या दिवशी आली तशी परत गेली. भिकुबाई दोन सण बोलली नाही.

गावाला सांगावं की नाही हा प्रश्न होता. सांगितलं तर टाकीतला माणूस जाणार आणि त्याच्या जागी अभिमनची पोर बसणार. पण तारादेवी दुपारी दार लावून उकाड्यात बसायच्या हे अभिमनला बरं वाटेना. त्याने जाऊन त्यांना खरं सांगितलं. मी सोबत होतो.

तारादेवींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी? मग मी इतके दिवस दाराआडून त्या नळाकडे तोंड करून नवकार मंत्र म्हणत होते, तो कोणाला ऐकवत होते?"

"तिलाच पोचला असेल. ऐकते ती."

"बरं मग. वाया नाही गेला." मग थोडं थांबून, "पण अभिमन, खरं सांग. सगळे ठोके तिचेच?"

"तिचे आणि माझे."

त्या फडक्याकडे बघत राहिल्या.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं अभिमनच्या आयुष्यातली चांगली. तो गावात कुठेही असो, ठोकायचा, आणि त्याची पोर उत्तर द्यायची. दोघांची स्वतःची भाषाच झाली. जेवायला निघालो, आणि उशीर होईल, यांचे ठोके वेगळे. तो निघाल्याचे ठोके आले की माला उठून त्याचं ताट मांडायची. ताट मांडायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने आईचं पाहून ठेवलं होतं, फक्त कधी मांडायचं ते कळायचं राहिलं होतं. मनगट चावणं कमी झालं. नावाला मात्र ती अजूनही वळत नव्हती. तिला हाक मारायची एकच वाट होती आणि ती जमिनीखालून जात होती.

मग नवी योजना आली. नवी लाइन प्लास्टिकची, काळी, वर निळी रेघ. चांगली असते. गंजत नाही, फुटत कमी. मी निवृत्त झालो होतो, तरी बघायला जायचो. मशीनने चर खणताना पाहून बरं वाटलं, कोणाच्या तरी मनगटाचे हाल वाचले. पण अभिमन त्या काळ्या पाइपाच्या गुंडाळीपाशी गेला, चावीने ठोकलं आणि कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं. काही विचारायची गरज नव्हती. प्लास्टिक आवाज गिळतं.

त्याने ठेकेदाराच्या माणसांना सांगून ठेवलं होतं, माझ्या घराचं शेवटी करा, मी असताना करा. ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. तो नव्या टाकीवर असताना माणसं आली, अंगणातला जुना पाइप कापून उपटून घेतला, प्लास्टिकचा नळ बसवला आणि पुढच्या घरी गेली. फाटक उघडं राहिलं. प्रमिलाबाई मागे भांडी घासत होती. ती पुढे आली तेव्हा नव्या पाइपावर सांडशीचे वळ उठलेले होते. माला नव्हती.

भरदुपार होती. गाव हाका मारत पसरलं. कोणी विहिरी बघायला गेलं, कोणी नदीच्या डोहाकडे, कोणी एसटी स्टँडवर. अशी मुलं पाण्याकडे ओढली जातात हे धुळ्याच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, म्हणून विहिरींचंच भय जास्त. अभिमन गल्लीतून पळत होता आणि नाव घेऊन ओरडत होता. "माला, ए माला." ज्या नावाला तिने जन्मात ओ दिली नाही तेच.

प्रमिलाबाई रस्त्यात आडवी आली. तिने त्याच्या सदऱ्याला धरलं. "नावाने काय हाक मारताय? तुमच्या लोखंडाने मारा."

जुनी लाइन जमिनीत तशीच होती. उपटायला खर्च येतो म्हणून सोडून देतात. कडुनिंबाचं चेंबर नव्या मातीखाली बुजलं होतं. मी फावडं मागून घेतलं आणि उकरलं. झाकण वर आलं. अभिमनने ठोकलं, खाली उतरला, पाइपावर ठोकलं. आम्ही दोघांनी कान लावले.

मेलेल्या लाइनीत पाण्याचा थेंब नसतो. ती भरलेल्या लाइनीपेक्षा जास्त वाजते. त्याचे ठोके दोन्हीकडे धावत गेलेले मला ऐकू आले. मग शांतता. त्याने पुन्हा ठोकलं. शांतता. तिसऱ्यांदा त्याचा हात वर गेला आणि थांबला.

ठक, ठक. आणि थांबून, ठक.

कुठून ते कळेना. लाइन एकीकडे बाजारात जाते, एकीकडे टाकीकडे. अभिमन बाजाराच्या लाइनीवरच्या पारसमल शेठच्या घराकडे पळाला. त्यांचा जुना नळ अजून शाबूत होता. ठेकेदाराची माणसं आली तेव्हा तारादेवींनी सांगितलं होतं, आज चौदस आहे, आमच्या अंगणात आज जमीन खोदायची नाही. त्या नळापाशीच उभ्या होत्या. "हलतंय," त्या म्हणाल्या. "पण थोडंसंच." फडकं जेमतेम कापत होतं. म्हणजे बाजाराकडून नाही. टाकीकडून.

टेकाडावर आम्ही दोघंच चढलो. बाकी लोक खालीच थांबले. कोणी तसं बोललं नाही, पण थांबले. टाकीच्या पायथ्याला वॉलची खोली आहे, दार कधीच गेलेलं. आत जमिनीत खोल खड्डा, उतरायला लोखंडी कड्या, तळाला दोन मोठे पाइप. बाहेरच्या उन्हानंतर आत काही दिसेना. गार होतं. कबुतरांचा वास. आणि खालून तो सूर येत होता, घशातला, एकच.

माला तळाला बसली होती. मोठ्या पाइपाला कान लावून. सांडशी मांडीवर. तिच्यापासून हातभर अंतरावर नागाची कात पडली होती. ओलसर, ताजी. डोळ्यांच्या जागेसकट पुरी. पोरीने उतरण्याआधी वरच्या कडीवर ठोकलं होतं, गंज उडाल्याच्या खुणा दिसत होत्या. बापाचे ते ठोके मुळात ज्याच्यासाठी होते, त्याने ते ऐकले होते.

अभिमनने हाक मारली नाही. कड्यांवरून उतरला, तिच्यापासून थोडा दूर बसला आणि पाइपावर बोटाच्या पेराने ठोकलं. तिने सांडशीने उत्तर दिलं. त्याने पुन्हा ठोकलं. या वेळी ती थांबली. एवढा जवळून आवाज तिला कधी आला नव्हता. तिने पाइपावरून कान काढला. आवाज कुठून आला ते शोधत तिचा हात पाइपावरून सरकत त्याच्या बोटापर्यंत आला. बोटावरून मनगट. मनगटावरून दंड. मग तिने कान त्याच्या छातीला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. त्याच्या छातीत जे काय ठोकत होतं ते मलाही वरून ऐकू आलं असतं असं वाटत होतं. मग तिने पेराने त्याच्या छातीच्या हाडावर ठोकलं. दोन, थांबून एक.

मी बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. तिथे माझं काम नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याच्या अंगणापासून समोरच्या जुन्या लाइनीपर्यंत आम्ही चर खणली. मशीन नाही, टिकाव-फावडं. निवृत्तीनंतर मी धरलेला तो पहिला टिकाव आणि शेवटचा. मुरूम तसाच होता, मनगट बदललं होतं. एक लोखंडी पाइप मेलेल्या लाइनीला जोडला आणि दुसरं टोक अंगणात उभं केलं. त्यावर जुना पितळी नळ बसवला. सरपंच बघायला आला. म्हणाला, "ज्या नळाला पाणी नाही, त्याच्यासाठी एवढा घाम?"

"पाण्याचा नळ आहे की तो दुसरा," अभिमन म्हणाला. "हा कानाचा."

माला आता चौदा वर्षांची आहे. बापाजवळ आली की छातीवर ठोकते, आईजवळ गेली की पाठीवर. प्रमिलाबाईला उत्तर द्यायला शिकायला वेळ लागला नाही. ती म्हणते, "केस धुताना आता आधी ठोकायचं, बस. कंगवा दाखवायला लागत नाही." शब्द अजून नाहीत. येतील असं कोणी म्हणत नाही, आणि आता कोणी वाट बघत नाही.

तारादेवींनी जुना नळ काढू दिला नाही. मुलगा अखिल धंदा घेऊन जळगावला गेला, शेठ गेल्या वर्षी वारले. दुपारी त्या एकट्याच असतात. फडकं अजून बांधलेलं आहे, दर आठवड्याला धुऊन बांधतात, कशासाठी ते विचारू नये. ते हललं की त्या कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून नळावर एकदा मारतात. माला त्यांना ओळखते. त्यांच्यासाठी तिचा ठोका हलका असतो.

एवढंच सांगून थांबणार होतो. पण राहिलेलं न सांगणं बरं नाही.

या वैशाखात मी अभिमनच्या ओट्यावर बसलो होतो. तो शेजारीच होता, चावी भिंतीला टेकवलेली. तारादेवी जळगावला मुलाकडे गेल्या होत्या, त्यांच्या घराला कुलूप. माला कोरड्या नळापाशी बसली होती. आणि पाइपातून ठोका आला. एकच. बऱ्याच वेळाने अजून एक. संथ, जड. सांडशीसारखा नाही, चाव्यांसारखा नाही. तिने लगेच उत्तर दिलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्याची ओळख जुनी असावी.

आम्ही चेंबरं उघडत गेलो. आवाज टाकीकडे मोठा होत गेला. टेकाडावर पोचलो. वॉलच्या खोलीत धूळ होती आणि धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, माणसाचं किंवा जनावराचं. अभिमनने पाइपाला चावी लावून ऐकलं. मला दिली. काही नव्हतं. आम्ही उभे होतो तेवढा वेळ काही आलं नाही.

घरी परतलो तर प्रमिलाबाई दारात होती. "तुम्ही निघालात आणि पुन्हा आला तो. ती हसली."

मी अभिमनला बाजूला घेऊन विचारलं, "तुला भय नाही वाटत?"

"वाटतं," तो म्हणाला. "पण भाऊ, तो कोणी असेल तो, इतकी वर्षं ठोकतोय आणि गावात त्याला ओ देणारं कोणी नव्हतं. मला ते काय असतं ते माहीत आहे."

मग तो गल्लीच्या तोंडाशी गेला, चावीने चेंबरवर जेवायला निघालो म्हणून ठोकलं आणि परत यायला निघाला. मी अंगणातच होतो. त्याचे ठोके आले, आणि त्यातच मिसळून तो दुसरा, जड, एकटा ठोका. माला सांडशी उचलून क्षणभर थांबली.

आधी तिने बापाला उत्तर दिलं. मग त्याला. मग उठून ताट मांडायला गेली.